पहिली-दुसरीचं इंग्रजी: अंगणात खेळून की घोटून?

पाटीपेन्सिल:
मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. तरी अजून कितीतरी पोरं 'व्हॉट इज युवर नेम'ला नाव सांगतात आणि पुढे गप्प. माझी बीड जिल्ह्यातली द्विशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी माझ्याकडे. यंदा रोज वीस मिनिटं पुस्तक मिटून खेळ घेते. 'शिवाजी म्हणतो, टच युवर नोज!' नुसतं 'टच युवर नोज' म्हटलं तर हलायचं नाही. अंगणात ठिकरीची घरं आखून त्यांत अक्षरं लिहिते. लंगडी घालत ज्या घरात पोचाल त्या अक्षराचा शब्द सांगायचा. वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी परवा बीच्या घरात उभी राहून 'बकेट!' ओरडली. घरी बादलीला बकेटच म्हणतात. ते इंग्रजी आहे हे तिला तेव्हा कळलं. माझ्या मते या वयात खेळच हवेत.

जुना फळा:
मी ३१ वर्षं शिकवलं. पोरं रमतात, मान्य. पण शेजारच्याचं बघून नाक धरलं म्हणजे इंग्रजी आलं का? 'नोज' लिहायला सांगा बरं. कट आणि पुट, दोन्हीत यू, उच्चार वेगळे. हे घोटल्याशिवाय येत नाही, बाई. आणि एक वर्ग अंगणात नेला की दुसऱ्याकडे कोण बघतं?

पाटीपेन्सिल:
बघून करतात हे खरं आहे, सर. म्हणून आता डोळे मिटून खेळतो. दुसरीची पोरं हुकूम सोडतात, पहिलीची पाळतात, त्यामुळे दोन्ही वर्ग अंगणातच असतात.

माळरान:
मोबाइलवरचे खेळ मात्र नकोत. आमच्याकडे घरात एकच फोन, तोही दिवसभर बापाच्या खिशात.

फडावरचा:
मी ऊसतोड कामगाराचा मुलगा. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर कारखान्याला जायचो, परत येईपर्यंत पाठ केलेलं सगळं पुसलेलं. वही कोण उघडणार? माझी पुतणी यंदा कोपीपुढे, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीपुढे, काठीनं घरं आखून ए, बी, सी लिहिते आणि बाकीच्या पोरांना खेळायला लावते. सर, घोटायला लावणारं तिथं कुणीच नसतं.

जुना फळा:
फडावरचं मी धरलं नव्हतं. पण तिनं बीच्या जागी डी काढला तर सुधारणार कोण? एकदा उलटा वळलेला हात सरळ करायला मला वर्षवर्ष लागलंय. खेळा, पण त्यानंतर पाटी हवीच.

पाटीपेन्सिल:
पटलं. सोमवारपासून ठिकरी झाली की पाच मिनिटं तेच शब्द पाटीवर. पहिला शब्द बकेटच घेते. त्यातला 'सीके' पहिलीच्या पोरांना कसा समजावायचा, तेवढं सांगा सर.