मदत हवी आहे : धुळ्यातल्या जुन्या बागेचं वय कसं शोधायचं?

मंडळी, आमच्या घरामागच्या सार्वजनिक बागेत एक दगडी कारंजं आहे, कोरडं पडून जमाना झाला. काठावर कोरलेली अक्षरं बोटांना लागतात, पण चुन्याच्या थरांखाली वाचता येत नाहीत. आता तिथे पेव्हर ब्लॉक घालायचं घाटतंय. वारसा यादीसाठी अर्ज करायचाय, पण पुरावा काय देऊ? आजोबा म्हणायचे, "इंग्रजस्नी बाग शे." तेवढ्यावर कोण ऐकणार!

१९०६ साली खानदेशचे दोन जिल्हे झाले; त्याआधीचे बागांचे कागद, नकाशे धुळ्यातच मिळतील का? राजवाडे संशोधन मंडळात विचारू, की आधी सिटी सर्व्हेचा उतारा काढू? आणि दगडाला इजा न होता चुना कसा काढतात? (शेजारचे काका ॲसिड घेऊन तयारच आहेत, कसंबसं थांबवलंय.)