हेगला काम करायचंय, सुरुवात कोर्ट नाक्यावरून करू का?

कळव्याची_पोर: पाच वर्षांच्या लॉचं चौथं वर्ष चालूय. कुलभूषण जाधव केस फॉलो केली तेव्हापासून डोक्यात एकच, हेगला जाऊन वॉर क्राइम्सवर काम करायचं. बाबा म्हणतात आधी ठाणे कोर्टात कुणाकडे तरी ज्युनिअर हो मग बघू तुझं हेग. पण तिथे तीन वर्षं झेरॉक्स काढण्यात आणि तारखा घेण्यातच जाणार ना, त्यापेक्षा सरळ नेदरलँड्समधल्या लायडनला एलएलएम (लॉमधलं मास्टर्स) केलेलं बरं असं वाटतं, फक्त फी बघून पोटात गोळा येतो

नेरूळकर_८८: आधी एक क्लिअर कर, जाधवांची केस आयसीजेत (आंतरराष्ट्रीय न्यायालय) होती, तिथे देश विरुद्ध देश, आरोपी कोणी नसतो. तुला हवंय ते आयसीसी (क्रिकेटवालं नाही, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय), 2002 पासूनचं, तिथे माणसांवर खटले चालतात. दोन्ही हेगलाच म्हणून सगळे गोंधळतात. आणि भारत रोम स्टॅच्यूटमध्ये, म्हणजे आयसीसी ज्या करारावर उभं आहे त्यात, नाहीच, त्यामुळे नोकरीत मेंबर देशवाल्यांना झुकतं माप. फ्रेंच आजपासून सुरू कर, इंग्रजीबरोबर कामकाज त्यातच चालतं.

काळा_कोट_ठाणे: बाबांवर चिडू नकोस 😀 आयसीसीत आरोपीचा मुख्य वकील व्हायचं तर 10 वर्षांचा अनुभव मागतात, तो कुठून आणणार? मी नवीन असताना सीनियरकडे एक कस्टडी डेथ आलेली. पंचनाम्यात "अंगावर जखमा दिसून येत नाहीत", आणि पोस्टमॉर्टेममध्ये दोन्ही तळपायांना मुका मार. सीनियरने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले या दोन कागदांच्या मधे ड्युटीवर कोण कोण होतं ते वेळेसकट लिहून काढ, जेवण नंतर. संध्याकाळ झाली. कुणी मारलं आणि वरच्या साहेबाला माहीत होतं का, हेगला पण हेच शोधतात गं, फक्त कागद ट्रकभर असतात. आणि हो, झेरॉक्स पण मीच काढली होती.

नेरूळकर_८८: +1. त्यात आपल्याकडे जेनोसाइडचा (वंशसंहाराचा) वेगळा गुन्हाच नाही, 1984 च्या शीखविरोधी दंगलीतल्या सज्जन कुमारच्या निकालात (2018) दिल्ली हायकोर्टाने हेच लिहिलंय. इथे शेवटी खून आणि कट हीच कलमं लावून लढायचं. तो निकाल पूर्ण वाच, नोट्स काढून.

कळव्याची_पोर: आयसीजेचं वाचून लाज वाटली 🙈 निकाल डाउनलोड केला. काळा कोट दादा, तुमच्या सीनियरकडे सुट्टीत यायला जागा आहे का? बाबांना एवढ्यात कळू देणार नाहीये