सर्वोत्तम व्हॅम्पायरपट कोणता? आणि बघायचा तर कोणती प्रत?

निशाचर
मूकपट 'नोस्फेराटू' (१९२२), बेला लुगोसीचा 'ड्रॅक्युला' (१९३१), ख्रिस्तोफर लीचा 'ड्रॅक्युला' (१९५८), कपोलाचा १९९२ चा आणि स्वीडिश 'लेट द राइट वन इन' (२००८). या पाचांत पहिला नंबर कुणाचा? नुसतं 'भारी आहे' नको, कारणं द्या. दुसरं, 'नोस्फेराटू'ची एक प्रत सव्वा तासाच्या आत आटोपते, दुसरी दीड तासाच्या वर जाते. नवख्याने कोणती बघावी? 'ट्वायलाइट'वाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

जुनी रिळं
पहिला नंबर 'नोस्फेराटू', पण धड प्रतीत. दिग्दर्शक मुर्नाऊने बाहेरचे रात्रीचे प्रसंग भर दिवसा चित्रित केले, मग प्रिंटला रंग चढवला: निळा म्हणजे रात्र, पिवळा म्हणजे दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. नेटवरच्या निव्वळ कृष्णधवल प्रतींत हे रंग उडालेत. त्यामुळे यातला व्हॅम्पायर, काउंट ऑर्लोक, शवपेटी काखोटीला मारून टळटळीत दुपारी गावातून निघालेला दिसतो, आणि उन्हाने मरणारा हा बाबा उन्हात करतोय काय असं वाटतं. स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडू शकतो. सूर्यप्रकाशाने मरायची कल्पना या चित्रपटाने रुजवली, म्हणजे रंग गेला की कथाच लंगडी पडते.

लांबीतला मोठा फरक वेगाचा. मुर्नाऊ फाउंडेशनची २००५-०६ ची दुरुस्त प्रत सेकंदाला १८ फ्रेमने ९४ मिनिटं चालते. तेवढ्याच फ्रेम २४ च्या वेगाने सोडल्या तर सत्तर मिनिटांत खेळ खलास, आणि माणसं तुरुतुरु पळायला लागतात. ऑर्लोकची घोडागाडी मुद्दाम झटके देत पळवलीय. सगळंच पळायला लागलं तर ती कशी उठून दिसणार? त्याच प्रवासातला जंगलाचा तुकडा निगेटिव्हमध्ये आहे, झाडं पांढरी आणि आकाश काळं. तो प्रिंटचा दोष समजू नका.

प्रती इतक्या विस्कळीत का, तर हक्क न घेता कादंबरी वापरली म्हणून स्टोकरच्या पत्नीने दावा लावला. १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. निसटलेल्या प्रिंट जोडून आजचा चित्रपट उभा राहिलाय. प्रत निवडताना तीन गोष्टी तपासा: रंग आहेत का, ९० मिनिटांच्या वर आहे का, आणि हान्स एर्डमानचं संगीत आहे का. कुठलंही पियानोवादन चिकटवलेली प्रत असेल तर सोडून द्या.

काउंट_कोथरूड
इतिहास म्हणून मान्य. पण भीतीला वेग लागतो, आणि तो टेरेन्स फिशरने १९५८ मध्ये आणला. ८२ मिनिटांत एक प्रसंग काढता येणार नाही. ड्रॅक्युला झालेला ली पाहुण्या हार्करशी सभ्यपणे दोन शब्द बोलतो तेवढंच, पुढे त्याच्या तोंडून अवाक्षर नाही. नुसती चाल आणि लाल डोळे. शेवटी व्हॅम्पायरचा शिकारी झालेला पीटर कुशिंग लांबलचक टेबलावरून धावत येऊन पडद्यावर झेप घेतो, ऊन आत येतं, मग दोन मेणबत्तीदाण्या आडव्या-उभ्या धरून क्रूस करतो. जेम्स बर्नार्डची धून नीट ऐका, 'ड्रॅ-क्यु-ला' ही तीन अक्षरंच वाजतात. सेन्सॉरने कापलेले काही तुकडे, विशेषतः ली राख होतानाचे, २०११ मध्ये जपानमधल्या जुन्या रिळांत सापडले. ते जोडलेली प्रतच घ्या.

रामसेंचा 'बंद दरवाजा' (१९९०) यादीत का नाही? काळ्या झग्यातला नेवला याच घराण्यातला.

रात्रपाळी
लुगोसीवर कुणी बोलतच नाही! पण १९३१ चा घ्यायचाच तर स्पॅनिश 'ड्राक्युला' घ्या. युनिव्हर्सलच्या त्याच सेटवर दिवसा इंग्रजी आणि रात्री स्पॅनिश चमू काम करायचा. रात्रीच्या मंडळींना दिवसाचं चित्रीकरण बघायला मिळे, आणि त्यावर कडी करायची संधीही. काउंट जिन्यावर पहिल्यांदा दिसतो ती जागा दोन्हींत लावून बघा, स्पॅनिशमध्ये कॅमेरा थेट जिना चढत त्याच्याकडे जातो. इंग्रजी ७५ मिनिटं, स्पॅनिश १०४. मधला भाग लांबतो हे खरंय, आणि कार्लोस व्हिलारियासला लुगोसीची सर नाही. लुगोसीच्या डोळ्यांवर दोन बारीक झोत टाकून जे साधलंय ते अजून कुणाला जमलेलं नाही.

निशाचर
रिळंसाहेब, रंगांचं आता कळलं. कपोला कुणालाच नको?

जुनी रिळं
कियानू रीव्हजचे इंग्रजी उच्चार सोसता आले तर बघा. संगणकाला हात न लावता, शक्य तितकं सगळं कॅमेऱ्यातच केलंय: एकाच फिल्मवर दोनदा चित्रण, मागून प्रक्षेपण, उलटी चालवलेली फिल्म. डायरीच्या पानावरून आगगाडी जाते ना, तिथे अवाढव्य वही बांधून छोटी गाडी चालवलीय. एइको इशिओकाच्या वेशभूषेला ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. पटकथा मात्र भरकटलेली, म्हणून माझ्याकडे चौथा.

हिमवर्षा
माझं मत स्वीडिशला, बिनशर्त. बोलावल्याशिवाय घरात शिरता येत नाही हा नियम सगळे तोंडाने सांगतात, पण मोडला तर काय होतं? इथे व्हॅम्पायर मुलगी एली न बोलावता आत येते आणि तिच्या अंगातून रक्त पाझरू लागतं. एका मिनिटात नियम पटतो. तिचा आवाज दुसऱ्या मुलीने डब केलाय, म्हणून बारा वर्षांच्या चेहऱ्याला तो किंचित जड वाटतो.

डिस्क घेणार असाल तर जपून. २००९ च्या अमेरिकन डिस्कवर संवाद छाटलेली, सपाट सबटायटल्स होती. प्रेक्षकांनी ओरड केल्यावर पुढच्या छपाईत मूळची परत आली. वेष्टनावर सबटायटल्सपुढे 'थिएट्रिकल' लिहिलंय का बघा, आणि इंग्रजी डबिंग बंद करून स्वीडिश ऑडिओ लावा.