पेन्सिलच्या शिशाचा इलेक्ट्रोड: डोपामिन आणि क जीवनसत्त्व वेगळे कसे ओळखावे?

प्रकल्पार्थी (एम.एस्सी., रसायनशास्त्र):
मी प्रकल्पासाठी क्लच पेन्सिलीतली ०.५ मिलिमीटर जाडीची कांडी इलेक्ट्रोड म्हणून वापरत आहे. ७.४ सामूच्या फॉस्फेट बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) एकटे डोपामिन, म्हणजे मेंदूतील एक संदेशवाहक रसायन, असले की प्रवाहाच्या आलेखात शिखर स्वच्छ येते. परंतु अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, मिसळताच दोहोंचे मिळून एकच पसरट टेकाड तयार होते. शिवाय चार-पाच स्कॅननंतर (व्होल्टेज चढवत-उतरवत केलेल्या मोजणीच्या फेऱ्यांनंतर) प्रवाह उतरत जातो. कार्बन-तंतूचे तयार इलेक्ट्रोड आमच्या विभागाला परवडणारे नाहीत. कांडीवरच काही प्रक्रिया करता येईल का?

विद्युतरसायन शिकवणारा:
आपली कांडी बिघडलेली नाही. (तिला आपण शिसे म्हणतो खरे, पण तिच्यात शिसे नसून ग्रॅफाइट असते.) १९७३ साली कॅन्सस विद्यापीठात राल्फ अ‍ॅडम्स यांच्या गटाने उंदराच्या मेंदूत कार्बनचा इलेक्ट्रोड घालून मोजमाप केले, तेव्हाही हाच पेच पडला होता, कारण मेंदूतील पेशींबाहेरच्या द्रवात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल डोपामिनच्या हजारो पट असते आणि साध्या कार्बनवर दोघांचे ऑक्सिडीकरण जवळपास एकाच विभवाला (व्होल्टेजला) होते.

सुटकेचा मार्ग विद्युतभारात आहे. ७.४ सामूला डोपामिन धनभारित असते, तर अ‍ॅस्कॉर्बेट ऋणभारित. कांडी बफरमध्ये ठेवून तिला सुमारे १.४ व्होल्टचे धन विभव मिनिटभर दिले, तर पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट तयार होतात आणि त्यांचा ऋणभार डोपामिनला जवळ ओढतो, अ‍ॅस्कॉर्बेटला दूर लोटतो. नॅफिऑन या ऋणभारित बहुवारिकाचा पातळ थर हेच काम करतो. मात्र थर जाड झाला की प्रतिसाद मंदावतो. त्यानंतर विभव सलग चढवत-उतरवत नेणाऱ्या सायक्लिक पद्धतीऐवजी डिफरन्शियल पल्स व्होल्टॅमेट्री (विभवाचे छोटे स्पंद देऊन प्रवाहातला फरक मोजणे) वापरावी.

प्रवाह उतरतो, कारण डोपामिनच्या ऑक्सिडीकरणातून झालेले क्विनोन नावाचे संयुग पुढे साखळ्या बांधून पृष्ठभागावर चिकट थर धरते. तो घासत बसू नये. कांडी मोडून नवी घ्यावी. पेन्सिलीचा खरा फायदा मला तरी हाच वाटतो.

औषधनिर्माणशास्त्रातील वाचक:
डोपामिन भुकटीचे आहे, की इंजेक्शनच्या अँप्यूलमधले? इंजेक्शनमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असते आणि त्याचेही ऑक्सिडीकरण होते. भुकटीचे द्रावणही रोज ताजे करावे. तपकिरी झाक दिसली तर ते टाकून द्यावे.

जिज्ञासू:
मग अशा स्वस्त कांडीने लघवी तपासून पार्किन्सन्स (मेंदूतील डोपामिन कमी पडल्याने होणारा आजार) ओळखता येईल का?

विद्युतरसायन शिकवणारा:
नाही. लघवीतील डोपामिन बहुतांशी मूत्रपिंडातच तयार होते, आणि रक्तातील डोपामिन रक्त-मेंदू अडथळा ओलांडत नाही. म्हणून तर रुग्णाला डोपामिन न देता लेव्होडोपा (मेंदूत शिरून तिथे डोपामिन होणारे औषध) देतात. लघवीतला आकडा अचूक आला, तरी तो मेंदूचा आकडा नव्हे.

प्रकल्पार्थी:
सर, भुकटीच वापरत होते, पण द्रावण दोन दिवसांचे होते. ताजे द्रावण आणि मिनिटभराची प्रक्रिया, एवढ्यावर आज दोन शिखरे वेगळी दिसली. मात्र प्रत्येक नव्या कांडीचा प्रवाह थोडा निराळा येतो.

विद्युतरसायन शिकवणारा:
बुडालेली लांबी मोजा. दहाऐवजी अकरा मिलिमीटर बुडाली, तरी क्षेत्रफळ जवळपास दहा टक्क्यांनी वाढते. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप कांडीला घट्ट गुंडाळून खाली बरोबर दहा मिलिमीटर उघडे ठेवा.