'कॅल्शियम हँडलिंग'ला मराठीत काय म्हणावं?

कानामात्रा:
हृदयाच्या स्नायूपेशींवरचा एक लेख मराठीत आणतेय. 'कॅल्शियमची हाताळणी' असं लिहिलं खरं, पण काचसामान जपून उतरवताहेत असं वाटतं. 'व्यवस्थापन' म्हटलं की कचेरी आठवते. ठोक्याचा जोर यावर ठरतो, म्हणून शब्द नेमका हवाय.

रफार:
उलाढाल!

वेलांटी:
उलाढालीत एकाचा पैसा दुसऱ्याकडे जातो. इथे बराचसा माल तोच, पुन्हा पुन्हा फिरणारा. एका ठोक्यात काय होतं ते बघ. विद्युतलहर आली की पेशीपटलातली दारं उघडतात आणि बाहेरचं थोडं कॅल्शियम आत शिरतं. तेवढ्यावर भागत नाही, पण त्याच्या येण्याने पेशीतल्या कोठाराची दारं उघडतात आणि तिथून खरा लोंढा सुटतो. पेशीद्रवातलं मोकळं कॅल्शियम साधारण दहापट होतं, तंतूंवरच्या ट्रोपोनिन या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि अॅक्टिन-मायोसिनचे तंतू एकमेकांवर सरकू लागतात. लगेच उपसा सुरू. सेर्का नावाचा पंप बहुतेक कॅल्शियम कोठारात परत नेतो; बाहेरून आलं होतं तेवढं सोडियमच्या बदल्यात बाहेर जातं. सगळं सेकंदभरात. मी 'ने-आण' म्हणेन.

रफार:
उपसा विहिरीचा, म्हणजे रिकामं करणं. सेर्का तर कोठार भरतो.

वेलांटी:
पेशीद्रवाकडून पाहिलं तर उपसा, कोठाराकडून पाहिलं तर भरणा. दोन्ही शब्द ठेव, दोन्ही लागतील.

कानामात्रा:
'ने-आण' वाचून कुणी मुलांची शाळेत ने-आण समजणार नाही ना? आणि दुसरं: 'आकुंचनाचा जोर' आणि 'आकुंचनक्षमता' एकच का? लेखात दोन वेगळे शब्द आहेत, मी दोन्हीकडे 'जोर' घातलाय.

अनुस्वार:
औषधशास्त्र शिकवते, म्हणून हे सोडवत नाही: एक नाहीत! हृदयाच्या कप्प्यात रक्त जास्त भरलं, तंतू ताणले गेले, की पुढचा ठोका आपोआप जोरकस पडतो. हा फ्रँक-स्टार्लिंग नियम. यात जोर वाढला, क्षमता नाही. ताण तेवढाच असून जोर वाढला तर ती आकुंचनक्षमता, आणि तिच्यामागे बहुधा कॅल्शियमची ने-आणच असते. अॅड्रिनॅलिनचं उदाहरण घ्या. सेर्कावर फॉस्फोलॅम्बान या प्रथिनाचा लगाम असतो, तो सैल पडतो. कोठार जास्त भरतं, पुढच्या ठोक्याला लोंढा मोठा येतो. गंमत म्हणजे उपसाही झपाट्याने होतो, त्यामुळे स्नायू सैलही लवकर पडतो. धावताना ठोके जवळजवळ पडतात, तेव्हा हृदयात रक्त भरायला वेळ मिळतो तो यामुळे.

हृदय कमजोर झालं की बऱ्याचदा उलटं होतं. उपसा मंदावतो, कोठाराच्या दारांना गळती लागते. ठोका दुबळा, आणि सैल पडायलाही उशीर. 'गळती' शब्द इथे अगदी फिट बसतो, 'स्राव' लिहू नका.

'इनोट्रोपिक', म्हणजे आकुंचनक्षमता बदलणारं, असं आलं तर? त्यातलं 'इनो' ग्रीक, अर्थ तंतू, शीर. संस्कृतातला 'स्नायू'ही मुळात कंडरेसारख्या बंधाचाच. मराठीने तो मांसाला लावला.

रफार:
बाहेरचं कॅल्शियम इतकं थोडं, तर त्याच्यावाचून अडावं का?

वेलांटी:
हातापायांच्या स्नायूंचं एकेका आकुंचनापुरतं अडत नाही, हृदयाचं अडतं. ब्रिटिश वैद्य सिडनी रिंगरचा 1883 चा किस्सा त्याचाच. आधीच्या प्रयोगांत द्रावणात बेडकाचं हृदय छान चालायचं. मग कळलं, द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी लंडनच्या नळाच्या पाण्यात केलेलं. शुद्ध पाणी घेतलं तर आकुंचन क्षीण होत गेलं. नळातल्या कॅल्शियमनेच काम केलं होतं.

रफार:
बरं, उलाढाल मागे घेतो.

कानामात्रा:
वाक्य बदललं: 'ताण तोच राहूनही ठोका किती जोरकस पडेल, हे पेशीतली कॅल्शियमची ने-आण ठरवते.' 'हाताळणी' सगळीकडून काढली. एका मथळ्यात राहिली होती, तीही गेली.