मदत हवी आहे: भारतीय पासपोर्टवर इंग्लंडमध्ये डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या निवडणुकीत मत देता येतं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही हॅम्पशायरमध्ये राहतो. नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे, मी डिपेंडंट. मे महिन्यात आमच्याकडे डिस्ट्रिक्ट कौन्सिलची निवडणूक आहे आणि नाव नोंदवायची मुदत तोंडावर आली आहे, म्हणून नक्की माहिती असलेल्यांनी कृपया लगेच सांगा.

एवढी घाई का, ते सांगते. आमच्या वस्तीत कौन्सिलच्या मालकीचा एक छोटा हॉल आहे. शनिवारी सकाळी तिथे मुलांची मराठी शाळा भरते. इतर दिवशी वयस्कर मंडळी चहाला जमतात, तान्ह्या बाळांच्या आया येतात, गणपतीही तिथेच बसतो. हॉल जुना आहे, हीटर एकाच बाजूचे चालतात, पण भाडं परवडतं आणि मुलं चालत येऊ शकतात. आता तो विकायचा किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचा विचार चालू आहे, अशी नोटीस लागली आहे. ती नेमकी मुलांच्या बाराखडीच्या तक्त्याशेजारी डकवली आहे. ती वाचून पोटात गोळाच आला.

प्रचाराला एक जण दारावर आले, तेव्हा मी हॉलचा विषय काढला. त्यांनी वहीत टिपून घेतलं आणि विचारलं, "तुमचं नाव यादीत आहे ना?" मला काय सांगावं कळेना.

नवरा म्हणतो, आपण इथले नागरिक नाही, नसते फॉर्म भरून व्हिसाच्या मागे शुक्लकाष्ठ लावून घ्यायला नको. त्याची काळजी मला कळते, आयएलआर (इथे कायम राहण्याचा परवाना) मिळायला अजून अवकाश आहे. पण त्याच्याच ऑफिसातला एक जण म्हणतो की भारतीयांना मत असतं. घरातल्या मतदारांची नावं कळवा, असं कौन्सिलचं पत्रही आलं आहे, ते तसंच फ्रिजवर पडून आहे. सासूबाई सध्या व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे आहेत, त्यांचंही नाव लिहायचं का? आणि ही डिस्ट्रिक्ट कौन्सिलंच आता मोडीत काढणार आहेत म्हणे. मग मत देऊन हॉलला काही उपयोग होईल का?

आम्ही मूळचे पुण्याचे. तिथे मार्च २०२२ पासून प्रशासक होता, थेट जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली. तोवर ड्रेनेज तुंबलं तर कुणाला गाठायचं, हे आईबाबांना कळत नसे. नगरसेवक नसला की काय होतं हे पाहिलं आहे, म्हणून इथे मत असेल तर ते मला वाया जाऊ द्यायचं नाही.

प्रतिसाद

ताई, तुम्हा दोघांनाही मत आहे. भारत कॉमनवेल्थमध्ये (राष्ट्रकुलात) असल्यामुळे कायदेशीर व्हिसावर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला कौन्सिलच्याच काय, पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देता येतं. त्यासाठी आयएलआर लागत नाही. यामुळे व्हिसाला काहीही धक्का लागत नाही, हे नवऱ्याला ठामपणे सांगा. उलट फ्रिजवरच्या त्या पत्राला उत्तर न देणं महागात पडू शकतं, मागितलेली माहिती दिली नाही तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

सरकारच्या संकेतस्थळावर पाच-दहा मिनिटांत नोंदणी होते. नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात इंडियनच लिहा. मतदानाच्या आधी कामकाजाचे १२ दिवस ही शेवटची मुदत, त्यामुळे आजच करून टाका. सासूबाई काही दिवसांसाठी भेटीला आल्या आहेत, तुमचा पत्ता हा त्यांचा राहता पत्ता नाही, त्यांचं नाव घालू नका.

मतदानाला जाताना फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांपासून हा नियम आला. भारतीय पासपोर्ट चालतो. नूतनीकरणासाठी पासपोर्ट पाठवला असेल तर मतदार ओळखपत्राचा दाखला फुकट मिळतो, पण त्याचा अर्ज मतदानाच्या सहा कामकाजाचे दिवस आधी, संध्याकाळी पाचच्या आत जायला हवा. घरी येणारं पोल कार्ड (मतदानाची सूचना देणारं कार्ड) म्हणजे ओळखपत्र नव्हे, ते नेलं नाही तरी चालतं.

बाकी बोटाला शाई नाही, मशीन नाही. कागदी मतपत्रिका, पेन्सिलने फुली. पुण्याच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं मत असतं, तसं इथे नाही. वॉर्डातून तीन जागा भरायच्या असतील तर एकाच यादीत जास्तीत जास्त तीन फुल्या. काही कौन्सिलांत दर वेळी एक तृतीयांश सदस्यच निवडतात, तिथे बहुधा एकच फुली. किती ते मतपत्रिकेवरच लिहिलेलं असतं, ते आधी वाचा, कारण जास्त फुल्या मारल्या की अख्खं मत बाद. 'नोटा'चा पर्यायही नाही.

प्रतिसाद

मत द्याच, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण हॉलसाठी एक वेगळा रस्ता आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो.

२०११ च्या लोकॅलिझम ॲक्टखाली, वस्तीच्या उपयोगाची इमारत म्हणून हॉलची नोंद करून घेता येते. इमारत खुद्द कौन्सिलची असली तरीही. तुमच्या शाळेची रीतसर नोंदलेली संस्था नसेल तरी चालतं, पण मग गटात त्या भागाच्या मतदार यादीतले किमान २१ सभासद हवेत. म्हणजे शाळेच्या पालकांनी यादीत नाव घालणं हे मताइतकंच हॉलसाठीही महत्त्वाचं आहे. चहावाल्या आजी-आजोबांनाही बरोबर घ्या, ते तर यादीत असणारच. कौन्सिलला आठ आठवड्यांत निर्णय द्यावा लागतो. एकदा नोंद झाली की इमारत विकायला किंवा किमान २५ वर्षांच्या पट्ट्याने द्यायला काढली तर रीतसर नोंदलेल्या स्थानिक संस्थेला सहा आठवड्यांत सांगता येतं की आम्हाला घ्यायची आहे. नुसत्या गटाला ते करता येत नाही, म्हणून तोवर अशी संस्था करून ठेवा. तसं सांगितलं की एकूण सहा महिने विक्री थांबते. तुम्हालाच विकावी असं बंधन नाही, पण पैसे उभे करायला, दबाव आणायला वेळ मिळतो.

कौन्सिल मोडायचं म्हणाल तर सरकारच्या डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेनंतर कौंटी (अनेक डिस्ट्रिक्ट मिळून होणाऱ्या मोठ्या भागाचं कौन्सिल) आणि डिस्ट्रिक्ट मिळून एकच युनिटरी कौन्सिल करायचं चाललं आहे, हे खरं. पण तोवर कचरा, बांधकाम परवानग्या, घरं आणि स्वतःच्या मालकीचे हॉल डिस्ट्रिक्टकडेच आहेत. शाळा, रस्ते, वाचनालयं कौंटीकडे. त्यामुळे दारावर येणाऱ्याला खड्ड्यांबद्दल विचारलंत तर तो हात झटकेल, हॉलबद्दल मात्र त्याला बोलावंच लागेल.

डिस्ट्रिक्टच्या निवडणुकीला कमी लेखू नये, एवढंच सांगतो. वोकिंग बरो कौन्सिलला (तेही डिस्ट्रिक्टच्याच दर्जाचं) जून २०२३ मध्ये कलम ११४ ची नोटीस काढावी लागली, म्हणजे खर्चाची तोंडमिळवणी होत नसल्याची जाहीर कबुली. दुकानं, उंच इमारती आणि हॉटेल यांच्या प्रकल्पांसाठी काढलेलं कर्ज अंगावर आलं आणि कात्री लोकांच्या सोयींना लागली. ते कर्ज घ्यायचं ठरवणारे अशाच निवडणुकीतून आलेले होते.

मूळ धागाकर्ती

किती बरं वाटलं म्हणून सांगू! नवऱ्याला वाचून दाखवलं आणि दोघांची नोंदणी आत्ताच केली. पालकांच्या ग्रुपवरही टाकलं, चार घरांतून "आम्हाला ठाऊकच नव्हतं" असं आलं. २१ लोकांचं मनावर घेतेच.

आणखी दोन गोष्टी विचारते. आमच्यातल्या एका काकांना आयएलआर मिळालेला आहे, वस्तीत सगळे त्यांना ओळखतात. ते अपक्ष उभे राहू शकतात का? आणि मतदानाच्या दिवशी नवरा कामासाठी ॲबर्डीनला असेल, त्याचं मत जाणार का?

प्रतिसाद

काका कायद्याने उभे राहू शकतात. आयएलआर असलेल्या भारतीय नागरिकाला चालतं, फक्त ते त्याच कौन्सिलच्या नोकरीत नसावेत. अनामत रक्कम नाही, वॉर्डातला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरतो. पण अर्ज मतदानाच्या १९ कामकाजाचे दिवस आधी, दुपारी चारपर्यंत हातोहात द्यावा लागतो. तुमची नोंदणीची मुदतच तोंडावर आली आहे, म्हणजे अर्जांची संपली. या खेपेला ते जमणार नाही, नव्या युनिटरी कौन्सिलच्या निवडणुकीसाठी त्यांनी आतापासून तयारी करावी.

आत्ता करण्यासारखं म्हणजे उमेदवारांची यादी कौन्सिलच्या संकेतस्थळावर लागली असेल, त्यातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न लेखी विचारा: हॉल विकायला तुमचा विरोध आहे का, हो की नाही. पत्राखाली सगळ्या पालकांच्या सह्या आणि वॉर्डाचं नाव असू द्या. आलेली उत्तरं, आणि ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांची नावंही, मतदानाआधी ग्रुपवर टाका.

नवऱ्यासाठी प्रॉक्सीचा (त्याच्या वतीने दुसऱ्याने मत देण्याचा) अर्ज करा, मुदत सहा कामकाजाचे दिवस आधी संध्याकाळी पाच. त्याने तुमचंच नाव द्यावं. केंद्र सकाळी सात ते रात्री दहा उघडं असतं. त्याचा पासपोर्ट न्यायची गरज नाही, तिथे ओळखपत्र तुमचं बघतात.