निवृत्त फौजींसाठी चर्चमध्ये मदत कक्ष: सुरुवात कशापासून करावी?

तलावपाळी_ठाणे (प्रश्न)
नमस्कार. आमच्या ठाणे पश्चिमेच्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतला समाज) आर्मी आणि नेव्हीतून निवृत्त झालेले बरेच जण आहेत, काही वीरनारीही (शहीद जवानांच्या पत्नी) आहेत. वर्षातून एकदा मिस्सा (चर्चमधली उपासना), हार आणि फोटो यापलीकडे काही व्हावं अशी त्यांचीच इच्छा आहे. रविवारच्या मिस्सानंतर हॉलमागची खोली द्यायला फादर तयार आहेत. सल्ला दोन गोष्टींवर हवाय: पहिल्यांदा कोणतं काम हातात घ्यावं आणि कशापासून लांब राहावं? शिवाय अंत्यविधीला शवपेटीवर तिरंगा ठेवता येतो का, असं घरचे हमखास विचारतात.

रेकॉर्ड_ऑफिस_माहितगार
जय हिंद. जीवन प्रमाणपत्रापासून (पेन्शनर हयात असल्याचा दरवर्षीचा दाखला) सुरू करा. नोव्हेंबरमध्ये प्रत्येकाला ते लागतं (८० पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतं) आणि अडकलं की पेन्शन थांबतं. वयस्कर माणसांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, म्हणून बायोमेट्रिक यंत्राच्या फंदात पडू नका. अँड्रॉइड फोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन अ‍ॅप घ्या. आधी ऑपरेटरची, म्हणजे फोन चालवणाऱ्याची, आधार पडताळणी करायची, मग त्याच फोनवर एकामागून एक सगळ्यांचं होतं. उजेड चेहऱ्यावर समोरून पडला पाहिजे. खिडकीकडे पाठ करून बसवलं की चेहरा काळा येतो आणि अ‍ॅप नाकारतं.

खरी गडबड अ‍ॅपच्या पुढच्या पानावर होते. ‘डिस्बर्सिंग एजन्सी’ (पेन्शन देणारं कार्यालय) विचारलं की लोक बँकेचं नाव निवडतात, कारण पैसे तिथेच येतात. स्पर्शवर (संरक्षण खात्याची ऑनलाइन पेन्शन यंत्रणा) गेलेल्या सगळ्यांनी तिथे ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ निवडायचं. पीसीडीए म्हणजे संरक्षण खात्याचं हिशेब कार्यालय. ‘सँक्शनिंग ऑथॉरिटी’ (पेन्शन मंजूर करणारं कार्यालय) मात्र दलाप्रमाणे बदलते. आर्मीला पीसीडीए (पी) अलाहाबाद, नेव्हीला पीसीडीए (नेव्ही) मुंबई, एअर फोर्सला जॉइंट सीडीए सुब्रोतो पार्क. पीपीओ (पेन्शनचा आदेश) क्रमांक स्पर्शचा टाका, जुन्या पासबुकावरचा चालत नाही. आणि विधवा मावशी लोकांचा फॉर्म भरताना ‘पुनर्विवाह’चा रकाना दोनदा बघा. घाईत तिथे ‘हो’ पडलं तर कुटुंब निवृत्तिवेतनाचा घोळ होतो आणि तो निस्तरायला महिने लागतात.

ओटीपी आणि पासवर्ड ज्याचा त्यानेच टाकायचा. वहीत लिहून ठेवायचा नाही, तुमच्या ‘विश्वासू’ स्वयंसेवकाच्या वहीतसुद्धा नाही. मूळ कागदही ठेवून घेऊ नका.

रजिस्टर_कोपरी
दुसरं काम नावांचं, आणि आपल्या समाजात ते सगळ्यात चिवट. डिस्चार्ज बुकात (फौजेतून सुटताना मिळणारं सेवेचं पुस्तक) ‘एफ. एक्स. डिसोझा’, आधारवर पूर्ण ‘फ्रान्सिस झेवियर’, पीपीओवर इंग्रजीतला वरचा स्वल्पविराम गायब. बायकोचं तर चर्चच्या लग्नाच्या रजिस्टरात माहेरचं नाव आणि आधारवर नवऱ्याचं. माणूस हयात असेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. तो गेल्यावर तिचा अर्ज इथेच अडतो. म्हणून दोघं असतानाच कागद जुळवा: पीपीओ, डिस्चार्ज बुक, दोघांचं आधार, पॅन, लग्नाचा दाखला. स्पेलिंग आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून बघा.

लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं तेच आठवत नसेल तर बाप्तिस्मा झालेल्या पॅरिशला विचारा. कॅथलिक बाप्तिस्मा रजिस्टरच्या समासात पुढच्या लग्नाची नोंद केलेली असते, बहुधा तारीख आणि ठिकाणासकट. १८७२ च्या ख्रिश्चन विवाह कायद्याखालच्या नोंदींचे उतारे रजिस्ट्रारकडेही जातात, त्यामुळे चर्चचं रजिस्टर वाळवीने खाल्लं तरी रस्ता बंद होत नाही. फादरना ‘नाव जरा खोडून नीट करा’ असं मात्र सांगू नका. मूळ नोंद खोडत नाहीत. बिशप हाउसच्या परवानगीने समासात टीप येते, तेवढंच.

फरक राहिलाच तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून, दाखल्यासह, त्या माणसाच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. नेव्हीच्या सेलरांचं काम मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे, म्हणजे वाशीचा पूल ओलांडला की आलंच. बँकेत किंवा पीसीडीएकडे आधी जाऊन उपयोग नाही. सेवेच्या नोंदीतला फरक रेकॉर्ड ऑफिसच सुधारतं, त्यानंतर सुधारित पीपीओ निघतो.

निवृत्त_क्लार्क_कळवा
वर कोणी लिहिलं नाही म्हणून जोडतो. पेन्शनच नसलेले लोक आधी शोधा. पेन्शनला लागणारी सेवा न भरता घरी आलेले जवान आणि त्यांच्या विधवा कार्यक्रमाला येत नाहीत, कारण त्यांना आपण ‘माजी सैनिक’ आहोत असंच वाटत नाही. हवालदार किंवा समकक्ष दर्जापर्यंतच्या, ६५ वर्षांवरच्या, पेन्शन नसलेल्यांना केंद्रीय सैनिक बोर्डाचं गरिबी अनुदान आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते महिन्याला ८,००० रुपये झालं, आधी ४,००० होतं. अर्ज ऑनलाइन, तपासणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून. डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर पहिलं काम त्याच कार्यालयात जाण्याचं. पेन्शनवाल्यांचा आवाज मोठा असतो, त्यांचं काम कसंही होतंच.

आणि ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला स्वतःची पेटी फिरवू नका. निधी जिल्हा सैनिक कार्यालयामार्फतच द्या, पावती घ्या.

पाळक_नेरूळ
जय ख्रिस्त. लूक ३:१४ मध्ये शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो त्यांना शिपाईगिरी सोडायला सांगत नाही. कोणाला लुबाडू नका, पगारात समाधान माना, एवढंच सांगतो. तलावपाळीजवळचं चर्च त्याच संताच्या नावाचं आहे, तेव्हा तुमच्या कक्षाला वेगळं बोधवाक्य शोधायची गरज नाही. कर्नेल्य शताधिपतीचीही (शंभर शिपायांवरचा रोमन अधिकारी) आठवण ठेवा (प्रेषितांची कृत्ये, १०). तो पेत्राला भेटण्याआधीपासूनच दानधर्म करत होता.

पण खोलीत फॉर्म आणि प्रार्थना एकत्र करू नका. रेजिमेंटमधले जुने सोबती येतील, त्यांतले बहुतेक ख्रिस्ती नसतील. फॉर्म भरायला आलेल्या माणसाला प्रार्थनेला बसवलं तर तो पुन्हा येणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. ज्याला प्रार्थना हवी असेल तो स्वतः मागेल. युनिटच्या सर्वधर्म स्थळात वाढलेल्या फौजींना हे शिकवावं लागत नाही, आपल्या उत्साही मंडळींनाच लागतं.

कोणी झोप येत नाही, दारू सुटत नाही, किंवा चिडचिड वाढली असं सांगितलं तर ऐकून घ्या, उपदेश नको. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, तो मोफत आहे.

तिरंग्याबद्दल: ध्वजसंहितेप्रमाणे शवपेटीवर ध्वज फक्त शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यविधीतच पांघरतात. घरच्यांनी किंवा पॅरिशने परस्पर ठेवायचा नाही. असा इतमाम मिळाला तर केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला येतो आणि कबरीत पेटी उतरवण्याआधी ध्वज काढून घेतात. तो पेटीबरोबर खाली जाता कामा नये. हे दफनभूमीच्या माणसाला आधी सांगा, ऐनवेळी दोर सुटलेले असतात.

तलावपाळी_ठाणे
आभार. इतमाम नसेल तर पदकं पेटीवर ठेवली तर चालेल?

पाळक_नेरूळ
चालेल. छोट्या उशीवर ठेवा, क्रूसाच्या शेजारी. उतरवण्याआधी काढून कुटुंबाच्या हातात द्या. नातवाला ती लावायची असतील तर उजव्या बाजूला. डावी बाजू ज्याने मिळवली त्याची.